सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस

घरातला माणूस जामिनावर सुटून येतो, तेव्हा आपण पुढची तारीख कधी आहे आणि वकिलाचे किती द्यायचे राहिले हे विचारतो. आत गोळ्या कुठल्या चालू होत्या, हे बहुधा कोणी विचारत नाही. आरोग्याच्या पानावर तुरुंगाचा विषय आणण्याचे कारण एवढेच.

आपल्या मीरा-भाईंदरला कारागृह नाही. काशीमिरा, नवघर, भाईंदर येथे अटक झालेला मुलगा न्यायालयीन कोठडीत गेला, की भेटीसाठी घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठावे लागते आणि रोज तर तिथेच बुडतो. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत 100 जागांमागे 131 माणसे होती. दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. कच्च्या कैद्यांत पाचातला एक अनुसूचित जातीचा. 2011 च्या जनगणनेत आपले प्रमाण सहात एक आहे. हा फरक कुठून येतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

एवढ्या गर्दीत खरूज पसरते, क्षयरोग पसरतो. क्षयाचा साधा उपचारही सहा महिन्यांचा. मधेच जामीन मंजूर होतो, संध्याकाळी सुटका होते आणि गोळ्या आतच राहतात. औषध अर्धवट सुटले की आजार उलटतो, पुढे नेहमीची औषधे लागू पडेनाशी होतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपत असतील, तर तो आजार सगळ्या घराचा होतो.

दुसरा धोका नशेचा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका बाहेरच्या लोकांपेक्षा बारा पटींहून जास्त होता, आणि त्यात अतिनशेचे बळी सर्वाधिक होते. आत काही महिने गर्द मिळत नाही, शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतले की श्वास बंद पडतो. अशा मुलाला त्या दिवसांत एकटे सोडू नये. त्याला टोमणे मारूनही काही साधत नाही.

म्हणून सुटकेच्या वेळी कारागृहाच्या दवाखान्यातून औषधाची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद मागून घ्या. क्षयाचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक विचारा. तो असला की जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत पुढे चालू होतात आणि पोषणासाठीचे महिना 1,000 रुपयेही थांबत नाहीत. एचआयव्हीची औषधे तर एक दिवसही चुकवू नयेत. झोप लागत नाही, जीव घाबरतो, मरणाचे विचार येतात, असे असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले अनेक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निर्देशानुसार सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनाची रक्कम मिळू शकते; अमली पदार्थांसारखे काही गुन्हे त्यातून वगळले आहेत. अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. क्रमांक 15100.

आता पैशाचे बोलू. कारागृह राज्याचे, पण सुटलेला माणूस येतो पालिकेच्या हद्दीत. न्यूयॉर्कची नगर परिषद सुटलेल्यांच्या पुनर्वसनाला आणि तुरुंगाऐवजीच्या उपायांना शहराच्या तिजोरीतून पैसे देते. आपल्याकडे पालिकांना महिला-बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखावा लागतो. तुरुंगातून परतणाऱ्यांसाठीचे लेखाशीर्ष मात्र आम्ही तरी पाहिलेले नाही. मुंबई परिसरात हे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून करतो आहे. पण सगळा भार एका प्रकल्पावर टाकून कसे चालेल?

मागणी फार मोठीही नाही. पालिकेचा एक समाजसेवक आठवड्यातून दोनदा ठाण्याच्या कारागृहात जाऊन आपल्या शहरात कोण परतणार आहे, त्याला कुठले औषध लागते, राहायला जागा आहे का, याची नोंद घेईल, एवढा पगार आणि थोडा प्रवासखर्च.

तुरुंगाऐवजीच्या शिक्षेतही पालिकेला जागा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. ही सेवा करायची कुठे? पालिकेची उद्याने, वाचनालये, दवाखाने आहेतच. तिथे देखरेखीला माणूस नेमला की न्यायालयाला ठिकाण मिळते. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सुटलेल्याला तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, हे नोकरीच्या अर्जाच्या वेळी लक्षात ठेवा.

पालिकेचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते. त्याआधी विहारातील महिला मंडळाने आणि तरुणांनी आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे, आणि पोच घ्यायला विसरू नये.