नकाशावर चालणारी पालखी

आषाढी वारीच्या दिवसांत बारामती-इंदापूर भागात तुकोबांच्या पालखीच्या वाटेचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. नकाशावर एक भगवी रेघ काटेवाडी, सणसर, बेलवाडी अशी सरकत जाते. बहुतेकांत ती एकाच वेगाने सरकते आणि म्हणून निर्जीव वाटते. पालखी थांबते, विसावते, मुक्काम करते, रिंगणात घोडे पळतात. रेघेलाही हे सगळं जमायला हवं. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमधल्या ब्रशने ते जमतं.

हा ब्रश कॉम्पोझिशनच्या खिडकीत चालत नाही. ज्या लेयरवर रंगवायचं, त्यावर डबल-क्लिक करून लेयरची वेगळी खिडकी उघडावी लागते. नवशिके इथेच अडतात. कोऱ्या सॉलिडवर रंगवायला घेतलं की त्या खिडकीत खालचा नकाशा दिसत नाही. त्यापेक्षा नकाशाच्याच लेयरची प्रत काढावी, तिच्यावर रेघ मारावी आणि काम झालं की पेंट इफेक्टमधलं ‘पेंट ऑन ट्रान्स्परंट’ चालू करावं. प्रतीतला नकाशा नाहीसा होतो, रेघ उरते. (नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असेल तर श्रेय द्यायला विसरू नये.)

पेंट पॅनलमध्ये ‘ड्युरेशन’ नावाचा पर्याय आहे, सगळी गंमत त्यात आहे. ‘कॉन्स्टंट’ ठेवलं तर त्या क्षणापासून पुढे रेघ अख्खी दिसत राहते. ‘राइट ऑन’ ठेवलं तर हात ज्या वेगाने फिरला त्याच वेगाने ती उमटते. पण हाताच्या वेगाची चिंता नको. माउस सोडला की सॉफ्टवेअर त्या रेघेच्या, म्हणजे स्ट्रोकच्या ‘एंड’ या गुणधर्माला दोन कीफ्रेम देतं, ० टक्के आणि १०० टक्के. दुसरी कीफ्रेम टाइमलाइनवर पुढे ओढली की चाल मंदावते. म्हणजे हाताने फक्त वळणं काढायची, वेळ नंतर ठरवायची.

म्हणूनच बारामती ते इंदापूर एका दमात रंगवू नये. बारामती ते सणसर एक स्ट्रोक, सणसर ते निमगाव केतकी दुसरा, तिथून इंदापूर तिसरा. टाइमलाइनवर दोन स्ट्रोकमध्ये मोकळी जागा सोडली की मुक्काम झाला. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं. तिथे पहिल्या स्ट्रोकच्या ‘एंड’ला मधेच सारख्याच टक्क्यांच्या दोन कीफ्रेम द्याव्यात, रेघ तेवढा वेळ थबकते. प्रत्येक स्ट्रोकला टाइमलाइनमध्ये गावाचं नाव द्यावं. ‘ब्रश १’, ‘ब्रश २’ अशीच नावं राहिली तर दुरुस्तीच्या वेळी डोकं फिरतं. वळण चुकलं तर तो स्ट्रोक टाइमलाइनमध्ये निवडून पुन्हा रंगवावा. जुन्याच्या जागी नवा बसतो.

बेलवाडीचं गोल रिंगण हा खरा कस. इथे वर्तुळ एकदाच काढून भागत नाही, कारण ‘एंड’ १०० टक्क्यांपुढे जात नाही. पेन न उचलता तीन-चार फेऱ्या एकाच वेगळ्या स्ट्रोकमध्ये माराव्यात. मग ‘एंड’च्या कीफ्रेम कॉपी करून ‘स्टार्ट’वर काही फ्रेम उशिराने पेस्ट कराव्यात. शेपटी पुसत जाते, पुढचं टोक धावतं, आणि रेघेचा तुकडा रिंगणातल्या अश्वासारखा गोल पळू लागतो. धूळ दाखवायची तर ड्युरेशन ‘कस्टम’ करून दोन फ्रेम ठेवावं आणि दर दोन फ्रेमनी नवे फराटे मारावेत. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ही दर सेकंदाला साधारण बारा-तेरा चित्रं होतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

रेघ काटेकोर हवी असेल तर मात्र ब्रशच्या नादी लागू नये. शेप लेयर आणि ‘ट्रिम पाथ्स’ने ती जास्त सफाईदार होते. ब्रश घ्यायचा तो हाताच्या थरथरीसाठी. पेन टॅबलेट असेल तर ब्रशचा आकार पेनच्या दाबाला जोडता येतो, मग घाटावरचं वळण जाड आणि माळावरचा रस्ता बारीक असा फरक आपोआप येतो.

इंदापूरनंतर सराटीला नीरास्नान, आणि नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. तिथून पुढची रेघ नव्या लेयरवर घ्यावी, कारण एकाच लेयरवर स्ट्रोकांची गर्दी झाली की संगणक रेंगाळतो. फाइल काढताना ‘आरजीबी प्लस अल्फा’ निवडलं आणि खालचा नकाशा बंद ठेवला, तर तीच रेघ ड्रोनच्या चित्रीकरणावरही ठेवता येते.