फाइल आली, होकार अडला

१२ ऑक्टोबर २०११. ॲपलने आयफोनसाठी आयओएस ५ ही नवी प्रणाली खुली केली आणि जगभरच्या आयफोनधारकांनी एकच गर्दी केली. सात-आठशे एमबींची फाइल होती. उतरायला वेळ लागला, पण उतरली. फोन संगणकाला जोडलेला, इंटरनेट चालू, फाइल पूर्ण. शेवटच्या पायरीवर असंख्य लोकांच्या पडद्यावर एकच ओळ उमटली: एरर ३२००. पुन्हा करून पाहावं, तर पुन्हा तेच.

बिघडलं काय होतं? फोन नाही, केबल नाही, फाइलही नाही. शेकडो एमबी सुखरूप पोचले होते आणि काम अडलं होतं काही केबींच्या एका चिठ्ठीपायी. त्या चिठ्ठीत एवढंच असतं: ‘हो, या फोनमध्ये ही प्रणाली टाकायला माझी हरकत नाही.’

ही चिठ्ठी कशी बनते ते पाहा. प्रत्येक आयफोनच्या चिपमध्ये एक क्रमांक कोरलेला असतो, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही फोनला नसलेला. अपडेटच्या वेळी तो क्रमांक, नव्या प्रणालीच्या प्रत्येक भागाचा गणिती ठसा आणि त्या क्षणापुरता बनवलेला एक आकडा, असं सगळं ॲपलच्या सर्व्हरकडे जातं. सर्व्हर तपासतो, डिजिटल सही करतो आणि परत पाठवतो. हा क्षणापुरता आकडा आयओएस ५ पासूनच आला. त्याच्यामुळे कालचा होकार आज चालत नाही, आणि चिपच्या क्रमांकामुळे तुमचा होकार शेजाऱ्याच्या फोनला लागत नाही.

आणि फोनला कसं कळतं की सही खरी आहे? चिप कारखान्यात घडतानाच तिच्या पोटात एक किल्ली कायमची बसवलेली असते. ती किल्ली सही ओळखू शकते, पण सही करू शकत नाही! सही करणारी किल्ली वेगळी, आणि ती फक्त कंपनीकडे. ओळखणं सगळ्यांना जमावं आणि करणं एकालाच, हे शक्य तरी कसं? १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी त्याची एक वाट दाखवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं. नुसता गुणाकार हाती देऊन ‘या कुठल्या दोन संख्या?’ असं विचारलं की भलेभले संगणक थकतात. गुणाकार ही सही ओळखणारी किल्ली, आणि सही करायला त्या दोन संख्या लागतात. २०२० मध्ये संशोधकांनी अशी एक २५० अंकी संख्या फोडून दाखवली. ते काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर टाकलं असतं, तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. आणि सह्यांसाठी सर्रास वापरतात त्या संख्या सहाशेहून जास्त अंकी असतात.

एवढा बंदोबस्त का, तर फोनमध्ये कुणी खोटी किंवा जुनी, भोकं पडलेली प्रणाली घुसवू नये म्हणून. पण याच बंदोबस्तातून एक पेच उभा राहतो, आणि मला या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच दिसतं. अपडेटची अगडबंब फाइल सगळ्यांसाठी सारखीच असते. तिच्या प्रती देशोदेशी, शहरोशहरी ठेवता येतात. तो इवलासा होकार मात्र प्रत्येकाचा वेगळा, त्या क्षणी मागायचा, त्या क्षणी बनवायचा. त्याची प्रत आधीच करून ठेवता येत नाही. आणि सही करणारी गुप्त किल्ली गावोगावच्या यंत्रांत वाटून टाकली, तर ती गुप्त राहील का?

ॲपलला हा धडा आयओएस ५ च्या तीन वर्षं आधीच मिळाला होता. ११ जुलै २००८ ला आयफोन ३जी एकाच दिवशी २१ देशांत विक्रीला आला आणि त्याच दिवशी जुन्या आयफोनसाठीही नवी प्रणाली निघाली. नवे आणि जुने, दोघांनाही ‘सक्रिय’ होण्यासाठी एकाच दारातून जायचं होतं. दार तुंबलं. दुकानदारांनी गिऱ्हाइकांना अर्धवट फोन देऊन घरी पाठवलं. ज्यांचा जुना फोन सकाळपर्यंत ठणठणीत होता, त्यांचाही अपडेटनंतर मुका झाला. त्यावरून फक्त आपत्कालीन कॉल लागत होता.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर अकोल्यातल्या किंवा अमरावतीतल्या कुठल्याही कंट्रोलच्या दुकानात महिन्याच्या गर्दीच्या दिवशी जाऊन पाहा. गहू-तांदळाची पोती समोर रचलेली. शिधापत्रिका खरी, माणूस खरा, दुकानदार ओळखीचा. तरी धान्य मिळत नाही, कारण ई-पॉस यंत्रावर ‘थम्ब’ लागत नाही. ‘सर्व्हर डाऊन हाये, उद्या या.’ यंत्रावर टेकवलेलं बोट आधारच्या नोंदीशी जुळतं का, हे ठरतं आधारच्या माहिती-केंद्रांत, आणि ती आहेत बंगळुरूतल्या हेब्बाळला आणि हरियाणातल्या मानेसरला. अकोल्यातली बाई अंगठा ठेवते, प्रश्न शेकडो कोस जातो, उत्तर परत येतं, आणि सगळं सुरळीत असेल तर काही सेकंदांत! गाडी रुळावर असते तेव्हा या गोष्टीचं आपल्याला काहीच वाटत नाही. पण घडण तीच, आयफोनची: माल हाताशी, होकार दूर.

मग तो होकार देणारा सर्व्हर नेमका तुंबतो कसा? आधी गर्दीचा आकार बघू. १६ जुलै २०२१, दुपारी एक. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल. कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिलेले. अमरावती विभागीय मंडळातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीमच्या मुलांसकट राज्यभरातले सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळावर आले आणि ते कित्येक तास कोलमडलेलं राहिलं. आता गणित करा. पावणेसोळा लाख मुलं दिवसभरात सावकाश आली असती, तर सेकंदाला जेमतेम १८ जण. तीच पहिल्या दहा मिनिटांत आली, तर सेकंदाला २६०० हून अधिक. आणि हे प्रत्येकाने एकदाच बटण दाबलं असं धरून. दहावीच्या निकालाला कोण एकदाच दाबतं? शिवाय आई वेगळ्या फोनवरून, मामा तिसऱ्याच गावाहून.

तरी खरी गंमत गर्दीच्या आकारात नाही, रांगेच्या स्वभावात आहे. अकोटच्या कापूस बाजारात एकच वजनकाटा आहे असं समजा. गाड्या वाटेल तेव्हा येतात, एकीला कमी वेळ लागतो, एकीला जास्त. सरासरी दहा मिनिटं. काटा निम्मा वेळ व्यस्त असेल, तर आलेल्या गाडीला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. काटा ९० टक्के व्यस्त झाला की थांबणं होतं दीड तास. आणि ९९ टक्के? साडेसोळा तास! नव्वदवरून नव्याण्णव म्हणजे गाड्या वाढल्या फक्त दहा टक्के, वाट पाहणं मात्र अकरापट. काटा तेवढाच चपळ आहे, उलट अजून एक टक्का वेळ रिकामाच आहे. या रांगांच्या गणिताचा पाया आग्नर एर्लांग नावाच्या डॅनिश माणसाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत घातला. त्याचा पहिला लेख १९०९ चा. तेव्हा प्रश्न होता टेलिफोनच्या तारा किती लागतील हा. आजचे सर्व्हर त्याच गणितापुढे मान तुकवतात.

म्हणजे सर्व्हर ‘हळूहळू’ भरत नाही. तो बराच वेळ उत्तम चालतो, आणि मग जरा जास्त गर्दी झाली की एकदम कड्यावरून खाली जातो.

खाली गेल्यावर जे घडतं ते मला सगळ्यात चकित करणारं वाटतं. आपण म्हणतो, सर्व्हर बंद पडला. पुष्कळदा तो बंद नसतोच. जीव तोडून काम करत असतो, पण निघून गेलेल्या माणसांचं! तुमच्या फोनने तीस सेकंद वाट पाहिली, नाद सोडला आणि नवी मागणी धाडली. जुनी मागणी रांगेतच राहिली. सर्व्हर तिच्यापाशी पोचतो, निगुतीने उत्तर तयार करतो, आणि ते घ्यायला पलीकडे कुणी नसतं. दरम्यान तुमची नवी मागणी मागे ताटकळते, तिचीही मुदत संपते. असं लाखो फोनांचं झालं की यंत्र शंभर टक्के राबतं आणि उपयोगी काम जवळपास शून्य. मूळ गर्दी ओसरली तरी हे चक्र आपोआप सुटेलच असं नाही. माणसांचं आणि यंत्रांचं ‘पुन्हा प्रयत्न करा’ त्याला फिरवत ठेवतं.

होकाराच्या या रांगेचा एक अजब नमुना १२ नोव्हेंबर २०२० ला दिसला. ॲपलने संगणकांसाठी बिग सर ही प्रणाली सोडली, आणि ज्यांनी अपडेटला हातही लावला नव्हता त्यांच्याही मॅकवर ॲप उघडेनात. ॲप उघडताना संगणक दूरच्या एका सर्व्हरला विचारतो की या ॲपचं प्रमाणपत्र अजून वैध आहे ना. तो सर्व्हर त्या दिवशी मंदावला होता. लोकांनी वाय-फाय बंद केलं, आणि ॲप चटकन उघडू लागली! इंटरनेट नसेल तर संगणक चौकशी सोडून पुढे जातो. इंटरनेट आहे पण उत्तर येत नाही म्हटल्यावर मात्र तो थांबून राहतो. ‘नाही’पेक्षा ‘थांबा, बघतो’ जास्त छळतं, हे यंत्रालाही लागू पडतं.

इलाज काय? पहिला इलाज इतका साधा की विश्वास बसू नये: यदृच्छा. नकार मिळालेल्या सगळ्या फोनांनी नेमक्या दहा सेकंदांनी परत यायचं ठरवलं, तर दहा सेकंदांनी तीच झुंबड. म्हणून नीट लिहिलेल्या ॲपमध्ये प्रत्येक फोन मनातल्या मनात एक आकडा काढतो आणि तेवढं थांबतो; पुन्हा नकार आला की दुप्पट लांब मुदतीतून नवा आकडा. कुणी कुणाशी बोललं नाही, रांग लावायला शिपाई नाही, तरी गर्दी आपोआप पांगते. याची मुळं १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहानेटमध्ये आहेत. तिथे बेटाबेटांवरचे संगणक एकाच रेडिओ लहरीवर बोलत. दोन संदेश आदळले की दोघेही कमीजास्त वेळ थांबून पुन्हा पाठवत.

दुसरा इलाज कंपन्यांच्या हातात: अपडेट सगळ्यांना एकदम न देणं. आधी थोड्या फोनांना, मग आणखी थोड्यांना. शेजाऱ्याला अपडेट आलं आणि तुम्हाला आठवड्याने आलं, तर त्यात तुमच्या फोनचा काही दोष नसतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून आणखी एक देखणी सोय आली. ती असलेल्या फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. एका जागेवरून फोन चालू राहतो, दुसरीत नवी प्रणाली गुपचूप बसते, आणि ती नीट उठली नाही तर फोन जुन्या जागेवरून सुरू होतो. २००८ सारखा मुका होत नाही.

निकालाची गोष्ट मात्र याहून सोपी सुटते, कारण गुणपत्रिका जाहीर होण्याआधीच ठरलेली असते. प्रत्येक मुलाची वेगळी, पण दुपारी एक वाजता नव्याने काढायची नाही. ती आधीच तयार करून कितीही ठिकाणी ठेवता येते. म्हणूनच आता मंडळाचा निकाल एका दारातून न येता अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरमध्ये एकाच वेळी येतो. डिजिलॉकरमधल्या गुणपत्रिकेला तर २०१६ च्या नियमांनी मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. अकोल्याच्या कंट्रोलमधल्या अंगठ्याला ही सवलत नाही. ते बोट कुणाचं, हा प्रश्न बोट टेकल्यावरच विचारता येतो, आणि तो दर महिन्याला नव्याने विचारावा लागतो.