पिकअपच्या टपावरची नऊ फूट तार

वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात ऑनलाइन बाजारपेठांना तेरा नोटिसा बजावल्या, महिना सरता सरता अशा विक्रीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि पाठोपाठ दंडाच्याही वार्ता आल्या, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही, आणि ज्या नगर जिल्ह्याचे नाव सरकारी दफ्तरात आता अहिल्यानगर झाले आहे, पण ज्याच्या रस्त्यांवरून पहाटेपासून कांदा, दूध, चारा आणि माणसे वाहणाऱ्या पिकअप गाड्यांची रांग पूर्वीसारखीच लागते, त्या जिल्ह्यात तर तो विचारलाच पाहिजे: बेकायदा संच जप्त झाल्यावर, मोबाइलची रेघ जिथे पोहोचत नाही तिथे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चार शब्द पोहोचवण्याचा कायदेशीर मार्ग सामान्य माणसापाशी उरतो की नाही?

असा मार्ग आहे, आणि तो नवाही नाही. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात पाच वॉटपर्यंतच्या शक्तीने बोलायला आपल्या देशात परवान्याची माफी आहे. याच पट्ट्याला जगभर 'सिटिझन्स बँड' किंवा नुसते 'सीबी' म्हणतात. अमेरिकेत १९५८ मध्ये सत्तावीस मेगाहर्ट्झची ही लहर नागरिकांना मोकळी झाली, १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकचालकांनी कुठल्या पंपावर इंधन मिळते हे एकमेकांना सांगण्यासाठी तिचा आधार घेतला, आणि १९७७ पासून तिथे चाळीस वाहिन्या झाल्या. त्या चाळिसांपैकी पहिल्या सत्तावीस आपल्या मर्यादेत तंतोतंत मावतात. यांखेरीज ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अल्पशक्तीच्या हातातल्या संचांनाही माफी आहे. म्हणजे वाट आहे. मात्र त्या वाटेवर मैलाचे दगड नाहीत, आणि जे लोक वाट शोधतात त्यांचे सारे लक्ष यंत्राच्या वॉटवर खिळलेले असते. माझे म्हणणे असे की गोम वॉटमध्ये नसून तारेत आहे, टपावर उभ्या केलेल्या त्या एरियलमध्ये आहे. आणि ज्याला एरियल उमगली त्याला कायदा मोडण्याचे कारणच उरत नाही.

रंग आधी, रेडिओ मग

हे मला पुस्तकाने नव्हे, पारनेर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी शिकवले. उभी हयात चिलखती दलात बिनतारी संचांशी घालवलेले हे गृहस्थ आता शेती करतात. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना घेतला आहे, आणि त्या परवान्याने मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी अठ्ठावीस मेगाहर्ट्झचा पट्टा सीबीच्या सख्ख्या शेजारी असल्यामुळे, एकाची एरियल बसवताना पाहिली की दुसरीची विद्या आपसूक हाती येते. त्यांच्या अंगणात बोलेरो पिकअप उभी होती. हौद्यात कांद्याच्या रिकाम्या गोण्या, फाळका खाली सोडलेला, आणि गावातला वायरमन पोरगा नवा संच खोक्यातून काढायला उतावीळ झालेला. सुभेदारांनी खोके बाजूला सारले, कानशीचा तुकडा घेतला आणि टपावर जिथे एरियलची बैठक यायची होती तिथला रुपयाएवढा रंग खरवडून लखलखीत पत्रा उघडा केला. "रंग आधी, रेडिओ मग," एवढेच ते बोलले.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उभी तार ही एरियलची केवळ अर्धी बाजू होय. दुसरी अर्धी बाजू म्हणजे तिच्या खालचा धातूचा पसारा, गाडीचा टप, बॉनेट आणि सांगाडा. आरशात प्रतिबिंब पडावे तशी त्या पत्र्यात तारेची न दिसणारी जोडीदारीण उभी राहते आणि दोघी मिळून लहर फेकतात. बैठकीखाली रंगाचा थर राहिला, किंवा हौदा आणि केबिन यांच्यामध्ये रबराचे तुकडे असल्यामुळे दोहोंचा विद्युत्संबंध तुटला, तर ही जोडीदारीण लंगडी होते. म्हणून सुभेदारांनी तांब्याची विणलेली चपटी पट्टी घेऊन केबिन चासीला आणि चासी हौद्याला जोडली, मल्टिमीटरची एक टोचणी बैठकीला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, आणि काटा शून्यापाशी आला तेव्हाच मान डोलावली.

जागेची निवड हाही मोठा विषय आहे. टपाच्या ऐन मध्यावर उभी केलेली तार चहूकडे सारखी बोलते. हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर ती बसवली तर जिकडे धातू अधिक, तिकडे, म्हणजे पुढे उजव्या दिशेला, तिचा आवाज अधिक जातो आणि पाठीमागे क्षीण होतो. ताफ्यात पुढे चालणाऱ्या गाडीने मागच्यांशी बोलायचे असेल, तर अशी कोपऱ्यातली बैठक म्हणजे पाठ फिरवून बोलणेच. आरशाच्या दांडीला किंवा केबिनमागच्या जाळीला अडकवण्याच्या कड्या बाजारात मिळतात, चुंबकाची बैठकही मिळते. चुंबक सोयीचे, पण आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर दोन खड्ड्यांत ते सरकते आणि पत्र्यावर चरे पाडते.

आता लांबी. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी सुमारे अकरा मीटर, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. त्या लांबीला तार अनुनाद देते, तंबोऱ्याची तार सुरात लागावी तशी. परंतु साडेसहा फूट उंचीच्या टपावर नऊ फूट तार उभी केली तर गाडी साडेपंधरा फुटांची होते, आणि मळ्यातल्या रस्त्यांवर झोळ पडलेल्या विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. यासाठी बुडाशी वेटोळे घालून तारेची उंची चार-पाच फुटांवर आणतात. त्यात थोडी शक्ती वाया जाते, पण जीव वाचतो. सुभेदारांनी तीच आखूड तार पत्करली, खाली स्प्रिंग बसवली, आणि वायरमन पोराला बजावले की विजेच्या तारेखाली, तसेच वळवाच्या गडगडाटात, एरियल आडवी करून बांधायचीच.

मग मीटर आला. संच आणि एरियल यांच्यामध्ये जोडायचे हे लहानसे उपकरण, एसडब्ल्यूआर मीटर त्याचे नाव, पाठवलेल्या शक्तीपैकी किती शक्ती एरियलने नाकारून मागे फिरवली ते दाखवते. पाटाचे पाणी दारे नीट उघडले नाही म्हणजे उलटे फिरून बांध फोडते, तसाच हा प्रकार. काटा तीनवर असेल तर शक्तीचा चौथा हिस्सा परत येतो आणि संचाला घातक ठरतो. दीडवर असेल तर शंभरातले चारच परत येतात, आणि तेवढे चालते. खालच्या वाहिनीपेक्षा वरच्या वाहिनीवर काटा अधिक चढत असेल तर तार लांब आहे असे समजावे. उलट असेल तर आखूड. आमच्या गाडीत ती लांब निघाली. सुभेदार प्रत्येक खेपेस जोंधळ्याच्या दाण्याएवढाच तुकडा छाटत आणि पुन्हा मोजत. कापलेली तार जोडता येत नाही, हे त्यांनी त्या पोराला तीनदा सांगितले. तासाभराने काटा दीडच्या खाली स्थिरावला. तोपर्यंत खोके उघडलेसुद्धा नव्हते. संच शेवटी बसला, आणि त्याची वीज स्टिअरिंगजवळच्या कुठल्याशा वायरीतून न चोरता थेट बॅटरीवरून, बॅटरीलगत फ्यूज घालून घेतली.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचा हेतू एवढाच की, बेकायदा संचांचा मोह शक्तीच्या मोहातून येतो. ऐकणाऱ्याच्या संचावरचा काटा एका अंकाने चढवायचा तर शक्ती चौपट करावी लागते. पाच वॉटचे वीस करा तेव्हा कुठे तो एक अंक पदरात पडतो, आणि तेवढ्यासाठी माणूस गुन्हेगार ठरतो. नीट बसवलेल्या एरियलने मात्र तेवढा फरक फुकट मिळतो, कारण ती बोलताना जशी कामाला येते तशी ऐकतानाही येते.

रणगाडे, किल्ला आणि परवाना

ही विद्या नगरला परकी नाही. शहरातल्या रणगाडा संग्रहालयात जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून १९६५ च्या युद्धातल्या पॅटनपर्यंत आणि आपल्या विजयंतापर्यंत गाड्या मांडल्या आहेत. प्रेक्षक तोफेची नळी पाहतो आणि पुढे जातो, पण रणगाड्याच्या बुरुजामागची एरियलची बैठक पाहायला फारसे कोणी थांबत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन रणगाड्यांनी फ्रेंचांवर मात केली तिच्या कारणांत जाड पोलाद किंवा मोठी तोफ नव्हती. पोलाद तर कित्येक फ्रेंच रणगाड्यांचेच जाड होते, परंतु त्यांतल्या अनेकांत रेडिओ नव्हता. इथल्याच वाहन संशोधन व विकास आस्थापनेत, म्हणजे आमच्या तोंडच्या व्हीआरडीईत, लष्करी वाहनांवर काम होत आले आहे. वाहनविद्या आणि बिनतारी विद्या या दोन्हींचे संस्कार ज्या गावाच्या सीमेवर आहेत, त्या गावच्या पिकअपवाल्याला एरियलची बैठक कुठे असावी हे ठाऊक नसावे, याचे मला वाईट वाटते.

आणि त्याच गावात भुईकोट किल्लाही आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते त्यात डांबले गेले, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तोडला गेला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरला पकडला जाईपर्यंत चालला. बिनतारीविषयी सरकारच्या मनातले भय त्या काळात पक्के झाले. १९३३ च्या कायद्याने तर संच नुसता बाळगायलाही परवाना लागे, आणि घरचा रेडिओ ऐकण्याचे शुल्क पोस्टात भरल्याचे आमच्या पिढीला आठवते. त्या भयाला कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरीत कोणी घुसखोरी केली तर माणसे मरतात. म्हणून विक्रेत्यांवरची कारवाई मला योग्यच वाटते. पण मनाई सांगणारा हुकूम जितक्या मोठ्याने पुकारला जातो, तितक्याच मोठ्याने मुभाही सांगितली गेली पाहिजे.

या मुभेची गरज कुठे आहे ते जिल्ह्याचा नकाशाच सांगतो. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा हा मुलूख क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीत घाटघर, साम्रद, पाचनई ही गावे. तिथे डोंगराची एक सोंड आडवी आली की फोन मुका होतो. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते, दिंड्यांमागे सामानाच्या पिकअप चालतात, आणि गर्दीच्या मुक्कामी पाण्याचा टँकर कुठे अडला हे विचारायला फोन लागत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रात्री बंद पडली तर मागच्याला पुढच्याचे कळत नाही. या तिन्ही ठिकाणी दोन-चार किलोमीटरची हाक पुरते, आणि पाच वॉट त्यासाठी पुरतात. त्याहून लांबची अपेक्षा मात्र धरू नये. या लहरीवर कोणाचाही हक्क राखीव नाही, आणि सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत तर परदेशचे आवाज आभाळावरून परतून आपल्या बोलण्यात मिसळतात. ज्याला संकटकाळी दूरवर पोहोचायचे आहे त्याने हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी जो संपर्क राखला तो याच परवान्याच्या बळावर.

सरकारकडे माझे मागणे एका पानाचे आहे. कोणत्या लहरीला माफी आहे, किती शक्तीला आहे, संचाला कोणती मंजुरी लागते, आणि गाडीवर वेगळी एरियल बसवणे त्या माफीत बसते की नाही, एवढे स्वच्छ मराठीत छापलेले एक पान दूरसंचार खात्याने प्रत्येक तहसील कचेरीत लावावे. आणि दिंडीप्रमुखांना, दूधवाल्यांना, कारखान्यांच्या शेतकी विभागांना माझी विनंती अशी: संच विकत घेण्याआधी त्याची लहर आणि मंजुरी तपासा, टपाला कानस लावण्याआधी दूरसंचार खात्याच्या मुंबईतल्या परवाना कचेरीला एरियलविषयी पत्र लिहून लेखी उत्तर मागा, आणि ते उत्तर गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.