चिकूचं झाड, त्याच्या माहेरी

घोलवड-डहाणूच्या बागा पाहिलेल्या माणसाला चिकूचं झाड म्हणजे फळ, एवढंच ठाऊक असतं. पण मध्य अमेरिकेत, ग्वाटेमालातल्या पेतेनच्या रानात आणि मेक्सिकोच्या युकातानमध्ये, म्हणजे या झाडाच्या माहेरी, त्याच्या खोडाचा थाट काही औरच.

पेतेनमधलं टिकाल हे माया लोकांचं शहर. तिथलं चौथं मंदिर इ.स. 741 च्या सुमाराचं. त्याच्या दारांवरच्या आडव्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. हे लाकूड इतकं भरीव, की पाण्यात टाकलं तर बुडतं. असल्या लाकडावर माया कारागिरांनी राजे, देव आणि बारीक चित्रलिपी कोरली, तीही धातूचं हत्यार हाती नसताना, दगडाच्या धारेने! 1877 मध्ये त्यातल्या काही फळ्या काढून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला नेल्या. दमट जंगल, मुसळधार पाऊस, किडामुंगी, सगळ्यांना अकराशेहून जास्त वर्षं पुरून उरलेलं ते कोरीवकाम आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

आता चीक. पावसाळ्यात तो चांगला वाहतो. चीक काढणारा 'चिक्लेरो' कमरेला दोर बांधून झाडावर चढतो आणि कोयत्याने सालीवर नागमोडी खाचा पाडत जातो. पांढराशुभ्र चीक एका खाचेतून दुसरीत उतरत बुंध्याशी लावलेल्या पिशवीत जमतो. मग तो कढईत ढवळून आटवायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या. एकदा चीक काढला, की पुढे काही वर्षं त्या झाडाला विश्रांती.

मेक्सिकोचा परागंदा सेनानी सांता आना याच्यामुळे हा आटवलेला चीक, म्हणजे 'चिकल', न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्सच्या हाती पडला. त्याला त्यातून स्वस्त रबर करायचं होतं. जमलं नाही. रबरासारखेच लांबलचक रेणू चिकलमध्येही असतात, पण दोन वेगवेगळ्या घडणींचे, शिवाय राळेत मिसळलेले. म्हणून तो तोंडाच्या उबेने मऊ होतो, पण लाळेत विरघळत नाही. टायरला कुचकामी, चघळायला अव्वल! 1871 मध्ये अ‍ॅडम्सने च्युइंगमच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

पुढे चिकाच्या शोधात रान पालथं घालणाऱ्या चिक्लेरोंनीच पुरातत्त्वज्ञांना माया अवशेषांच्या वाटा दाखवल्या. वाशाक्तून या शहराचे अवशेष 1916 मध्ये सिल्वेनस मॉर्ली यांनी जगापुढे आणले, ते असेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर च्युइंगममध्ये कृत्रिम पॉलिमर आले आणि चिकलचा धंदा बसला. युकातान भागातल्या काही सहकारी संस्था मात्र अजूनही पावसाळ्यात चीक काढतात.