परक्यांचं युद्ध, सकाळचा खेळ

पोस्टरवर सात विमानं, चार रणगाडे आणि फाटक्या शर्टातली एक बाई असायची. सिनेमात विमान एकच, तेही लांबून जाणारं आणि बहुधा दुसऱ्याच कुणाच्या सिनेमातून कापून आणलेलं. रणगाडे दोन. बाई असायची, पण आपण सावरून बसेपर्यंत कात्री चाललेली असायची आणि पडद्यावर एकदम पूल उडायचा. सुरुवातीला दाखवतात त्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर कोपऱ्यात त्रिकोण असला की सिनेमात कापाकापी झाली आहे, हे आम्हाला शाळेतल्या भूमितीच्या आधी कळलं होतं. त्रिकोण दिसला की स्टॉलमधून एक सामुदायिक सुस्कारा निघायचा. तरीही कुणी उठून जात नसे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत नागपुरात ज्यांनी मॉर्निंग शो पाहिले, त्यांना कोणत्या सिनेमांबद्दल बोलतोय हे सांगायला नको. नावात ‘कमांडो’, ‘हेल’ किंवा ‘बॅटल’ यातलं काहीतरी हमखास. सदरची लिबर्टी आणि स्मृती, बर्डीवरची आनंद आणि जानकी, चौकाला नाव ठेवून स्वतः निघून गेलेली व्हरायटी, महालातली नरसिंग, अशा टॉकीजच्या नकाशावरच आमचं शहर आम्हाला पाठ होतं. सकाळचा खेळ स्वस्त, कॉलेजच्या वेळेत बसणारा, आणि सुटला की तर्री-पोह्याची गाडी अजून लागलेली.

प्रिंट आमच्याकडे यायची ती सगळीकडून फिरून, दमून. मध्य प्रांत आणि वऱ्हाड कधीचे नकाशावरून पुसले गेले, पण सिनेमाच्या धंद्यात ‘सीपी-बेरार’ शाबूत होता, आणि त्याचे वितरक भुसावळात, अमरावतीत बसत. तिथून पेट्या निघत. मोठ्या शहरांत झिजलेली रिळं आमच्याकडे येईपर्यंत पडद्यावर बारमाही पाऊस पडत असे. वाळवंटातल्या लढाईतसुद्धा.

हे सिनेमे आले कुठून, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ‘इंग्लिश पिक्चर’ एवढंच पुरे होतं. प्रत्यक्षात त्यातले कितीतरी इंग्लिश नव्हतेच. १९६७ साली रॉबर्ट ऑल्ड्रिचचा ‘द डर्टी डझन’ आला. त्यात तुरुंगातले खुनी, गुन्हेगार बाहेर काढून जर्मनांच्या पाठीमागे सोडतात. तो जगभर चालला आणि रोमच्या स्टुडिओंनी सूत्र उचललं. पाच-सहा बदमाश, एक अशक्य कामगिरी, शेवटी एखादाच जिवंत. वेस्टर्न सिनेमे काढून काढून त्यांचा तो धंदा मंदावत होता, तेव्हा काऊबॉयच्या टोप्या काढल्या आणि हेल्मेटं चढवली. दिग्दर्शकांनी नावंही बदलली. आंतोनिओ मार्गेरिती झाला अँथनी डॉसन, जान्फ्रांको पारोलिनी झाला फ्रँक क्रेमर, ब्रूनो मात्तेई झाला व्हिन्सेंट डॉन. इटालियन माणसाने काढलेला अमेरिकन युद्धपट इटलीतच कुणी पाहणार नाही, ही भीती. आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. दिलीपकुमारचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

या पारोलिनीचा १९६९ चा ‘फाइव्ह फॉर हेल’ माझा लाडका. जर्मनांच्या तळाला उंच कुंपण. ते ओलांडायचं कसं? कमांडो सोबत ट्रॅम्पोलिन घेऊन आलेले असतात. सर्कशीत असते तशी ताणलेली जाळी. ती ते शत्रूच्या हद्दीत अंथरतात आणि एकेक जण त्यावर उडी मारून कुंपणापलीकडे जातो.  समोर जर्मन अधिकाऱ्याच्या भूमिकेत क्लाऊस किन्स्की, आणि तो मात्र हे सगळं अत्यंत गंभीरपणे घेतो. पैसा नसला की माणसाला असं सुचतं. पैसा असता तर त्यांनी कुंपणच उडवलं असतं.

पुढे व्हिएतनामची लाट आली. कपोलाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’ फिलिपिन्समध्ये काढला, मार्कोसच्या सैन्याची हेलिकॉप्टरं भाड्याने घेऊन. तो गेल्यावर जंगल तिथेच राहिलं, युद्धपटाचं काम शिकलेली माणसंही राहिली. मार्गेरितीने १९८० मध्ये तिथेच ‘द लास्ट हंटर’ काढला. ‘द डिअर हंटर’ गाजला होता, त्याचा हा दुसरा भाग वाटावा अशी नावातच सोय. मग कॅनन कंपनीचे गोलान आणि ग्लोबस हे इस्रायली चुलतभाऊ. त्यांनी चक नॉरिसला घेऊन ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’चे दोन भाग लागोपाठ काढले. दुसरा जास्त बरा वाटला म्हणून १९८४ मध्ये तोच पहिला म्हणून लावला, आणि पहिल्याला ‘आरंभ’ म्हणत पुढच्या वर्षी दुसरा केला. आम्ही तर रिळंसुद्धा उलटसुलट लागलेली पाहिली आहेत. आम्हाला काय फरक पडणार?

भारतात अशा मालाला वाट मिळायला कारणं होती. १९७१ साली हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचा सरकारशी असलेला करार संपला आणि सुमारे चार वर्षं त्यांचे नवे सिनेमे येणं थांबलं. ऐंशीच्या दशकात परदेशस्थ भारतीयांना राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत (एनएफडीसी) सिनेमे आणायची मुभा मिळाली. आणणारा रसिक असेलच असं नव्हतं. स्वस्तात काय मिळतं आणि पोस्टर काय लावता येईल, एवढं तो पाहायचा.

पण आवडायचे का? याचं उत्तर मला सिनेमावरच्या पुस्तकांपेक्षा आमच्या वाड्यातल्या सुभेदार काकांनी जास्त दिलं. कामठीची छावणी १८२१ पासूनची. सुट्टीच्या दिवशी तिथले जवान सायकली काढून सदरला यायचे आणि या सिनेमांना मागच्या रांगा भरायच्या. काका निवृत्त होऊन वाड्यात राहायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते होते. कुठे, काय, कधी बोलले नाहीत. मला मात्र सोबत न्यायचे. पडद्यावर गोळीबार सुरू झाला की कोपर मारायचे. “बंदुकीचा धक्काच नाही बसून राहिला बे याच्या खांद्याला. पाह्यलं का?” बोटांवर गोळ्या मोजायचे. बत्तीस गोळ्यांच्या मॅगझिनमधून सत्तर सुटल्या की इतके हसायचे की पुढचा माणूस वळून बघायचा.

खऱ्या लढाईतून आलेला माणूस खोट्या लढाईला हसत होता, हे दिसत होतं. तो दर आठवड्याला का येत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्या लढाईत आपलं कुणी नव्हतं. जर्मनही परका, अमेरिकनही परका. कोण मेलं तरी घरी तार येणार नव्हती. सिनेमा आपल्याकडून काही मागत नव्हता: ना अश्रू, ना अभिमान, ना उभं राहणं. टीकाकार अशा सिनेमांना युद्धाचा बाजार मांडणारे म्हणतात. मांडतातच. पण तो बाजार होता हे ते लपवत नसत.

आणखी एक गोष्ट आमच्या मातीतली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर दंडार, नाटक पाहणाऱ्या माणसाला लाकडी तलवार खरी नसल्याचं सांगावं लागत नाही. वडशाहून निघालेलं नाटक गावाच्या मैदानात उभं राहतं तेव्हा पडद्यामागे राजा विडी ओढताना दिसतो, तरी राजा तो राजाच. प्लायवूडचा रणगाडा आम्हाला खुपला नाही तो यामुळेच. खरं तर रणगाडा प्लायवूडचा आहे हे ओळखण्यातच निम्मी मजा होती. घरी गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप वाचणारी हीच मुलं होती. भाड्याच्या वाचनालयातली ती पुस्तकं आणि हे सिनेमे एकाच कुळातले.

हिंदीने हा माल आपलासा केला तो ऐंशीच्या अखेरीस. बब्बर सुभाषचा ‘कमांडो’ १९८८ चा. मिथुन, निन्जा झालेला डॅनी आणि मार्सेलोनी नावाचा अमरीश पुरी. इटलीचं कर्ज निदान नावात तरी फेडलं. पण या प्रकाराचा आपल्याकडचा शिरोमणी म्हणजे अनिल शर्माचा १९९२ चा ‘तहलका’. पुन्हा बदमाशांची टोळी, पुन्हा अशक्य कामगिरी, आणि शत्रू कोण? डोंग्रिला नावाचा देश आणि त्याचा जनरल डोंग. समीक्षकांनी नाकं मुरडली. मला तो देश आजही मोलाचा वाटतो, कारण तो कुठल्याच नकाशात नाही. त्याच अनिल शर्माने २००१ मध्ये ‘गदर’ काढला, तेव्हा शत्रूचा पत्ता खरा होता, आणि तिकीटबारीने त्याला डोंग्रिलाची आठवण पुन्हा होऊ दिली नाही.

मधे १९९७ मध्ये जे. पी. दत्तांचा ‘बॉर्डर’ आला होता. लोंगेवाला, एकाहत्तर. उत्तम काढलेला सिनेमा. काकांनी वाड्यातल्या सगळ्या पोट्ट्यांना तिकिटांचे पैसे दिले आणि स्वतः घरी थांबले. “तुम्ही पाहून या.” एवढंच.

तोवर मॉर्निंग शो संपत आलाच होता. आधी व्हिडिओ पार्लर, मग केबल, मग मॉल.

गंमत म्हणजे आमचा सगळा विदर्भ खऱ्या दारूगोळ्यावर बसलेला आहे. अंबाझरीला तोफगोळे बनतात, भंडाऱ्याच्या फॅक्टरीत स्फोटकं, आणि पुलगावला दारूगोळ्याचा देशातला सर्वांत मोठा डेपो. सीमा हजार किलोमीटर लांब, पण घरटी कुणी ना कुणी ‘ऑर्डनन्स’मध्ये. मे २०१६ मध्ये एका रात्री पुलगावच्या डेपोत आग लागली. लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. आजूबाजूची गावं अंधारात घर सोडून पळाली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ती आग पुन्हापुन्हा दाखवत होते. काकांनी उठून टीव्ही बंद केला.

त्यानंतर काही महिन्यांनी मला इंटरनेटवर ‘फाइव्ह फॉर हेल’ सापडला. काका तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेले, एका कानाने कमी ऐकणारे. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. कमांडोंनी जाळी अंथरली, पहिला उडाला, दुसरा उडाला. काकांच्या चेहऱ्यावर काही नाही. मग गोळीबार सुरू झाला आणि खाटेच्या कडेवर त्यांची बोटं हलायला लागली.

“सत्तेचाळीस,” ते म्हणाले. “मॅगझिन बदललीच नाही लेकानं. मागे घे जरा.”