गव्हर्नर तिकडचा, आयुक्त इकडचा

सीवूड्स स्टेशनला उतरून करावे गावात शिरलात की नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, गल्लीतले दिवे... सगळा कारभार महापालिकेचा. आता सांगा, 2022 मध्ये गल्लीतला दिवा गेला असता, तर तुम्ही कोणत्या नगरसेवकाकडे गेला असता? फार तर ‘माजी’कडे. कारण आजी कुणी नव्हताच!

नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद. मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली साडेपाच वर्षं आयुक्तच प्रशासक. 2020 मध्ये अठरा पूर्ण केलेल्या ताई-दादांना पालिकेसाठी पहिलं मत द्यायला 2026 उजाडलं.

आता जरा लांब जाऊ. बहामाजवळ टर्क्स अँड केकॉस नावाचा छोटा बेटसमूह आहे. आजही ब्रिटनच्या ताब्यातला. तिथे लोक स्वतःची विधानसभा निवडतात, पण गव्हर्नर लंडनहून नेमला जातो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशी खाती त्याच्याकडे. तिथल्या सरकारवर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले, चौकशी बसली. 2009 मध्ये ब्रिटनने मंत्रिमंडळ आणि विधानसभा दोन्ही स्थगित केली आणि कारभार गव्हर्नरच्या हाती दिला. निवडणूक झाली नोव्हेंबर 2012 मध्ये. म्हणजे सव्वातीन वर्षांनी.

हिशेब करा. ते बेट परक्या राजाच्या अखत्यारीत, तिथे सव्वातीन वर्षं. आपण लोकशाही देशात, आपल्याकडे साडेपाच! तिकडे निदान लंडनहून जाहीर आदेश तरी निघाला होता. आपल्या राज्यघटनेचं कलम 243-यू तर सांगतं, की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. तरी तारखा पुढे पुढेच जात राहिल्या.

‘पण कामं तर होत होती ना?’ असं कुणी म्हणेल. होत होती. प्रश्न कामाचा नाही, जाब विचारण्याचा आहे. प्रशासकाच्या काळात ठराव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच अधिकारी होता. महासभेत उभं राहून ‘हा खर्च कशासाठी?’ विचारणारं कुणी नव्हतं.

आता 111 नगरसेवक आलेत, पण गैरसमज नको. कायद्याने अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडेच आहेत आणि त्यांना राज्य सरकार नेमतं. महापौरांचा मान मोठा, अधिकार मर्यादित. शिवाय जमिनीचा प्रश्न आला की सिडको. बेटावरच्या गव्हर्नर आणि विधानसभेसारखीच ही विभागणी आहे.

म्हणून पुढच्या वेळी गल्लीत खड्डा दिसला, की नुसती स्टोरी टाकून थांबू नका. हे काम कुणाच्या अखत्यारीत येतं ते आधी शोधा आणि तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला विचारा, ‘महासभेत हा विषय कधी मांडताय?’ साडेपाच वर्षं हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आता आहे.