यंत्र बघायला जाताना झावळी बरोबर न्या

कुंभकोणमला आमच्या घरामागच्या लांबट जागेला शेजारपाजारचे कोल्लै म्हणतात आणि आमच्या तंजावरी मराठी घरात ते परसदार आहे. दहा नारळ, दोन आंबे, एक शेवगा, हादग्याची रांग आणि भिंतीलगत केळी. एका नारळाच्या वर्षाला बारा-चौदा झावळ्या गळतात, म्हणजे दहा झाडांच्या सव्वाशेच्या आसपास. पूर्वी हिरांचे खराटे व्हायचे, झावळ्यांचे झाप विणले जायचे, देठ चुलीत जायचा. आता चूल नाही, झाप विणणारे हात नाहीत. उरलेले सगळे कोपऱ्यात रचून पेटवायचे, हाच शिरस्ता होता. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये मनाई करून दंड लावला. पण दंड नसता तरी तो धूर शेजारच्या माडीवरच्या आजींच्या दम्याला भोवतोच.

म्हणून मामंजींनी जुना चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारे यंत्र, घ्यायचे मनावर घेतले. त्या दोन-तीन महिन्यांत आम्हाला जे सल्ले मिळाले, त्यांतले निम्मे चुकीचे होते आणि एक-दोन तर जिवावर बेतणारे.

पहिला सल्ला असा की हे कडबा कुट्टीचेच मोठे भावंड, काहीही घाला, बारीक होईल. तसे होत नाही. चिपरमध्ये जड चाकावर किंवा ड्रमवर धारदार पाती असतात आणि ती फांदी एका स्थिर पात्यावर दाबून कापतात. आंब्याची, कडुनिंबाची, शेवग्याची फांदी त्यात छान जाते. हादग्याचे लाकूड तर इतके मऊ की त्याला यंत्राची गरजच कमी. कुंभकोणमच्या आसपास पानमळ्यांत विड्याचे वेल याच हादग्यावर चढवतात, तेव्हा छाटलेला हादगा इथे भरपूर. पण झावळी आणि केळीचा खांब ही वेगळीच जात आहे. दोन्हींत लांब चिवट तंतू असतात. ते तुटण्याऐवजी फिरत्या दांड्याला गुंडाळतात, पट्टा घसरतो, इंजिन गुदमरते. यासाठी हातोडे किंवा झोडपणारी पाती असलेला श्रेडर लागतो, निदान दोन्ही कामे करणारे यंत्र तरी. केळीचा खांब मी तर यंत्रात घालतच नाही. कोयत्याने चिरून आळ्यात टाकला की तो आपोआप कुजतो.

‘तीन इंची’ यंत्रात तीन इंची फांदी जाते, हाही असाच गैरसमज. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, तोही बहुतेक मऊ, ओल्या लाकडाचा. वाळलेल्या चिंचेची दीड इंची फांदी पाच-सहा एचपीच्या इंजिनाला घाम फोडते. शिवाय नारळाच्या आणि बांबूच्या अंगात सिलिका असते, वाळूचाच तो प्रकार. अंगणात पडून धूळ-रेती माखलेली झावळी त्यात आणखी भर घालते आणि धार बघता बघता बसते.

स्वामिमलैच्या वाटेवर एका गावात आम्ही पहिले यंत्र बघितले. नवा लाल रंग चकचकत होता. दोरी ओढली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. मामंजी खूश. पण दोरी ओढण्याआधी मी सायलेन्सरजवळ हात नेला होता आणि सायलेन्सर तेव्हाच गरम होता. एका झटक्यात सुरू होणे म्हणजे यंत्र उत्तम, असे आपण धरून चालतो. पण तापवून ठेवलेले इंजिन कुठलेही सुरू होते. गार असताना सुरू करून दाखवा, असे आधी फोनवरच सांगावे. आणि इंजिन हा तर या यंत्रातला सगळ्यात सहज दुरुस्त होणारा भाग. ते बदलता येते, कुठलाही मिस्त्री बघू शकतो. पैसे बुडतात ते पात्यांच्या घरात.

इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, झाकण उघडायला लावा आणि आत टॉर्च मारा. चाक हाताने हलवून बघा. आडवे हलले किंवा खरखरले तर बेअरिंग गेले. चाकावर वेल्डिंगचा डाग दिसला, तर नमस्कार करून परत या, कारण मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगात तो तडा उघडला तर पत्र्याचे झाकण त्याला अडवू शकत नाही. नवा रंग अनेकदा त्यासाठीच असतो. पात्यांचा रंग बघा. धार लावताना निळसर पडलेल्या पात्याचे पाणी उतरलेले असते, त्यावर पुन्हा धार टिकत नाही. सगळी पाती सारखी घासलेली आहेत का? एकच जास्त घासले असेल तर चाकाचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंगचा बळी जातो. पाती बसवलेल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला हवा. साधा गुळगुळीत बोल्ट दिसला तर कुणीतरी हाताशी सापडला तो ठोकला आहे. फिरते आणि स्थिर पाते यांतली फट एक-दीड मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेत मिळतो. फट वाढली की कापणे संपते आणि फाडणे सुरू होते.

आम्ही गाडीवर एक ओली झावळी बांधून नेली होती. विकणारा वाळकी काडी घालून दाखवत होता. आमची झावळी घातल्यावर अर्ध्यातच यंत्र थांबले आणि बाहेर आला तो चुरा नव्हता, काथ्यासारखे लोंबणारे तंतू होते.

आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते. ‘हातमोजे घातले की झाले,’ असे आम्हाला तिघांनी सांगितले. सैल मनगटाचा मोजा इथे उलट घात करतो. फांदीचे आखूड खोडूक बाहीत, मोज्यात, पदरात, वेष्टीच्या टोकात अडकले की यंत्र फांदीबरोबर माणसाला ओढते, आणि हात सोडवायचा विचार मनात येईपर्यंत वेळ गेलेली असते. मळणी यंत्रांत शेतमजुरांचे हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की 1983 मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. हॉपर, म्हणजे फांदी घालायचे तोंड, लांब असतो तो हात पात्यांपर्यंत पोचू नये म्हणून. जुन्या यंत्रांचा हॉपर ‘सोयीसाठी’ कापलेला आढळतो. असे यंत्र फुकट मिळाले तरी नको. बाजूला उभे राहून, जाड बुंध्याची बाजू आधी घालायची. उरलेले तुकडे हाताने किंवा पायाने ढकलायचे नाहीत, पुढच्या लांब फांदीने ढकलायचे. अडकले तर इंजिन बंद करून चाक पूर्ण थांबेपर्यंत उभे राहायचे. इंजिन बंद झाल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहते, आणि त्याच अवधीत माणूस आत वाकून बघतो. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आमच्याकडे यंत्राजवळ पॅन्ट-शर्ट आणि मी असेन तर ओढणी घट्ट बांधून सलवार-कमीज, हा नियम मामंजींनीही मानला.

शेवटी आम्ही यंत्र घेतले ते पाच घरांत मिळून. सव्वाशे झावळ्यांचे काम वर्षाकाठी काही तासांचे. त्यासाठी एकट्याने यंत्र गंजवत ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

चुऱ्याबद्दलही लोक घाबरवतात. तो जमिनीतला नत्र खातो म्हणतात. मातीत मिसळला तर काही काळ खरे आहे, पण वर पसरला तर तो परिणाम मातीच्या वरच्या थरापुरता राहतो. आम्ही नारळाच्या आळ्यात, बुंध्यापासून वीतभर सोडून, तीन-चार बोटे जाडीचा थर देतो. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने झावळ्यांपासून गांडूळखत करण्याची पद्धतही बसवली आहे, त्यात शेण मिसळावे लागते. मात्र ‘यंत्रातून काढला की महिन्यात खत’ हे खोटे. झावळीचा चुरा सावकाश कुजतो.

खरी भीती वेगळी आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला कुणीच बोलले नाही. नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा कुजणाऱ्या ढिगांत अंडी घालतो. 2018 च्या गजा वादळात पट्टुकोट्टै भागात नारळाच्या बागा आडव्या झाल्या, तशी पडलेली खोडे त्याला फार आवडतात. चुऱ्याचा ढीग पाच-सहा महिने एका जागी राहिला तर आपणच त्याची पैदास करतो. म्हणून पातळ पसरावे, नाहीतर दर महिन्या-दीड महिन्याने ढीग उलटावा.

गेल्या पोंगलच्या आधी आमच्याकडून ढीग उलटायचे दोन महिने राहून गेले. फावडे घातले तर अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या सात अळ्या निघाल्या. भिंतीवर कावळे बसलेलेच होते.